फवारणीचा ८ लिटरचा हातपंप कूलंटची टाकी म्हणून वापरतोय, त्याचा रिव्ह्यू

आधीच सांगून टाकतो, डबा मस्त आहे पण डब्यासोबत जे काही येतं ते जवळपास सगळं टाकाऊ. म्हणजे तो पाईप, ती लांब दांडी, पिस्तुलासारखं हँडल, पुढचं फिरवायचं प्लास्टिक नोझल, यातलं काहीही मशीनवर टिकणार नाही. पण दाब धरणारी टाकी, हातपंप, सेफ्टी व्हॉल्व्ह आणि तळापर्यंत जाणारी नळी एवढं सगळं एकत्र तयार मिळतं, आणि घरच्या छोट्या लेथला किंवा टेबलावरच्या सीएनसी राउटरला (कॉम्प्युटरवर चालणारं कोरायचं मशीन) कूलंट, म्हणजे कापताना टूल थंड ठेवणारं तेलपाणी, द्यायला नेमकं तेवढंच लागतं, त्यामुळे माझ्याकडून पाचपैकी चार. एक स्टार का कापला ते पुढे कळेलच.

मुळात दाबाची टाकी कशाला असं कोणी विचारेल. ज्यांच्या मशीनखाली संप, म्हणजे कूलंट जमा होणारी टाकी, आहे, मोटरचा पंप आहे, भोवती पत्र्याची कॅबिनेट आहे त्यांना हे काही लागत नाही. छोट्या मशीनला यातलं काहीच नसतं. मग लोक वर एक बाटली टांगतात आणि बारीक नळीने थेंब थेंब सोडत बसतात, ड्रिलिंग टॅपिंगला ते चालतं पण. मात्र बाटली एक मीटर उंच टांगली तरी दाब मिळतो ०.१ बार, आणि नोझलमधून धार निघते ती फार तर सेकंदाला साडेचार मीटरने. २ बारला तोच वेग २० मीटरच्या आसपास जातो. माशांच्या टाकीत बुडवायचा पंपही बाटलीच्याच जातीचा, पाणी भरपूर फिरवतो पण मीटर दोन मीटर उंचीपलीकडे जोर नाही, बारीक नोझल लावलं की दम संपला.

हा जोर कुठे कामाला येतो तर पार्टिंग करताना, म्हणजे लेथवर तुकडा कापून वेगळा करताना, आणि ॲल्युमिनियममधे खोल स्लॉट काढताना. स्लॉटमधल्या चिप्स आपोआप बाहेर येत नाहीत, कटर त्याच चिप्स परत परत चावत बसतो, गरम होतं, ॲल्युमिनियम दातांना चिकटतं आणि मग खट्ट, गेला एंडमिल. धारेने त्या चिप्स ढकलून बाहेर काढल्या तर निम्मं काम तिथेच झालं. फक्त अपेक्षा नीट ठेवा. कारखान्यातल्या मशीनवर ज्याला हाय प्रेशर कूलंट म्हणतात ते ७० बारचं असतं, टूलच्या आतून येतं, आणि आपलं हे २ बार म्हणजे त्याच्यापुढे पिचकारीच. पण थेंब थेंब बाटलीच्या तुलनेत जमीन अस्मानाचा फरक पडतो.

आता डबा. जाड पॉलिथिलीनचा आहे, थोडासा पारदर्शक, त्यामुळे आत किती उरलंय ते बाहेरून दिसतं, आणि ही गोष्ट वाटते त्यापेक्षा खूप महत्त्वाची आहे कारण कूलंट मधेच संपलं तर काम बिघडतं. सेफ्टी व्हॉल्व्हवर ३ बार लिहिलंय आणि त्याला वर ओढायची छोटी रिंग आहे, म्हणजे दाब हाताने सोडता येतो. घेताना ही रिंग बघाच. काही स्वस्त डब्यांना दाब सोडायला झाकणच सैल करावं लागतं आणि आत दाब असताना झाकण सैल करणं हा प्रकार मला अजिबात पटत नाही. पंपाचा दांडा पूर्ण बाहेर निघतो आणि त्याच भोकातून भरायचं. भोक चांगलं रुंद आहे, फनेलची गरज पडत नाही.

पाईपचं काय केलं तर डब्यापासून वीतभर ठेवून कापून टाकला, कारण डब्याच्या तोंडाचे आटे कुठल्याच नेहमीच्या फिटिंगला बसत नाहीत, त्यांच्या नादी लागू नका. कापलेल्या टोकात पितळी होज निपल, वर क्लिप, पुढे एक बॉल व्हॉल्व्ह बंद चालू करायला, त्याच्यापुढे नीडल व्हॉल्व्ह धार कमी जास्त करायला, आणि मग ८ मिमीचा पीयू पाईप मशीनपर्यंत. दोन वेगळे व्हॉल्व्ह हवेतच, एकाच व्हॉल्व्हने दोन्ही कामं करायला गेलात तर दर वेळी धार पुन्हा लावत बसावं लागतं. शेवटी मणक्यामणक्यांचा तो वळणारा निळा नारिंगी पाईप सगळे लावतात, दिसायला भारी, पण तो कमी दाबाच्या भरपूर पाण्यासाठी बनवलेला आहे, पुढे बारीक नोझल लावलं आणि मागून दाब आला की मणके निखळतात. त्यापेक्षा तांब्याची बारीक नळी घ्या, हाताने वाकते आणि वाकवली तिथेच राहते. नोझल म्हणून थ्रीडी प्रिंटरचं पितळी नोझल लावलंय, त्याला एम६ चे आटे असतात, ०.४ पासून १ मिमीपर्यंत हवं ते भोक मिळतं. मिग वेल्डिंगची टिपसुद्धा चालते. ०.४ च्या मागे मात्र गाळणी लागणारच, नाहीतर कचऱ्याचा एक कण आला की धार बंद, डब्यातल्या नळीच्या टोकाची जाळी त्या कामाला पुरत नाही.

सीएनसीवाल्यांसाठी एक गोष्ट. प्रोग्राममधल्या एम०८ या कोडला कूलंट चालू आणि एम०९ ला बंद असं करायचं असेल तर सोलेनॉइड व्हॉल्व्ह (विजेवर उघडणारा) लागेल आणि तो डायरेक्ट ॲक्टिंगच घ्या, म्हणजे जो पाण्याच्या दाबाची मदत न घेता उघडतो. स्वस्तात जे मिळतात ते बरेचसे पायलटवाले असतात, त्यांना उघडायलाच ०.३ ते ०.५ बार दाबाचा फरक लागतो, म्हणजे डब्यातला दाब खाली आला की व्हॉल्व्ह टिक करतो, दिवा लागतो, पण पाणी येत नाही. वॉशिंग मशीनचे व्हॉल्व्ह याच जातीचे, शिवाय ते बहुतेक घरच्या मेन लाईनच्या व्होल्टेजवर चालतात, ओल्या मशीनजवळ ती वायर नकोच. २४ व्होल्टचा घ्या नि विषय संपवा.

आता कापलेला एक स्टार. या डब्यात सगळ्यात मोठा घोळ दाबाचा आहे. दाब एकसारखा राहत नाही, तो सुरुवातीला जास्त आणि मग उतरत जातो. हा डब्याचा दोष म्हणावा की निसर्गाचा ते तुम्ही ठरवा, पण डब्यावर ८ लिटरची खूण छापलीये आणि मॅन्युअलमधे तिथपर्यंत भरा म्हणतात, फवारणीला ते ठीकच आहे, तिथे माणूस मधेमधे थांबून पंप मारतो. मशीनवर ते चालत नाही. कूलंटला ढकलणारी स्प्रिंग म्हणजे वर दाबलेली हवा, आणि हवेला जागाच ठेवली नाही तर स्प्रिंग आखूड.

हिशोब करून बघा. एकूण पोकळी ८ लिटर धरू. ६ लिटर कूलंट भरलं, वर २ लिटर हवा, पंप मारून गेजवर २ बार केलं. बाहेरच्या हवेचा १ बार धरून आतला खरा दाब ३ बार झाला. १ लिटर कूलंट बाहेर गेलं की हवा २ ची ३ लिटर होते, दाब उरतो २, म्हणजे गेजवर १. अजून १ लिटर गेलं की गेजवर अर्धा बार. आणि ४ लिटर गेलं की शून्य, डब्यात २ लिटर तसंच बसलेलं आणि धार बंद. आता तोच डबा निम्मा भरा. ४ लिटर कूलंट, ४ लिटर हवा, परत २ बार. २ लिटर गेल्यावर गेजवर १ बार आणि सगळं ४ लिटर संपलं तरी अर्धा बार शिल्लक. म्हणजे कमी भरून उलट एका दमात कूलंट तेवढंच मिळतं आणि धारही शेवटपर्यंत टिकते. हवेला जागा ठेवण्याचा तोटा एकच, पंप जास्त वेळा मारावा लागतो, दंडाला व्यायाम.

त्यात अजून एक दिलासा असा की धार दाबाच्या वर्गमुळाने कमी होते. दाब २ वरून अर्ध्यावर आला म्हणजे चौपट कमी झाला तरी धार निम्मीच होते. त्यामुळे निम्मा भरलेला डबा नीडल व्हॉल्व्ह मधेच थोडा उघडून शेवटपर्यंत सांभाळता येतो. कार्बाइड टूल असेल तर मात्र हे सांभाळणं ऐच्छिक नाही हं. तापलेल्या कार्बाइडवर कूलंट कधी येतंय कधी नाही असं झालं की कडेला बारीक तडे जातात. एक तर सलग द्या नाहीतर कोरडंच चालवा. हायस्पीड स्टील त्यामानाने बरंच सोसतं. आणि बीड (ओतीव लोखंड) कापत असाल तर कूलंट बंदच ठेवा, त्याची पावडर ओली झाली की काळा चिखल होतो आणि स्लाइडमधे जाऊन बसतो.

किती वेळ पुरतं? १ मिमी भोकातून २ बारला मिनिटाला साधारण अर्धा ते पाऊण लिटर जातं, म्हणजे नीडल व्हॉल्व्ह पूर्ण उघडा ठेवला तर निम्मा डबा फार तर आठ दहा मिनिटं. पार्टिंगला, एखाद्या खोल भोकाला, दोन चार स्लॉटला हे रग्गड आहे. तासभर चालणाऱ्या प्रोग्रामला हा डबा नकोच, तिथे खाली ट्रे, गाळणी आणि परत फिरवणारा मोटरचा पंप करा. मी बहुतेक वेळा ०.६ चं नोझल लावतो, त्यात भोकाचं क्षेत्रफळ जवळपास एक तृतीयांश होतं, कूलंट तेवढंच जास्त वेळ पुरतं आणि धार बारीक पण जोरात येते, चिप्स ढकलायला ती पुरते.

मग पुढचा विचार सगळ्यांना सुचतोच, की हाताने कशाला, कॉम्प्रेसर जोडू. जोडा, पण मधे दाब ठरावीक ठेवणारा रेग्युलेटर हवाच आणि तो दीड दोन बारवर लावलेला हवा. रेग्युलेटर लावला तर वरची सगळी दाबाची भानगडच मिटते, जेवढी हवा फुगते तेवढी मागून येत राहते, धार पहिल्या थेंबापासून शेवटपर्यंत सारखी. थेट जोडणाऱ्यांसाठी एक आकडा देतो. डब्याचा तळ २० सेंमी व्यासाचा धरला तर २ बारला त्यावर सहाशे किलोपेक्षा जास्त जोर असतो, आणि कॉम्प्रेसरच्या ८ बारला अडीच टन. प्लास्टिकचा डबा आहे राव तो. सेफ्टी व्हॉल्व्ह आहे ना असं म्हणू नका, हातपंपाने जेवढी हवा येते तेवढी सोडायला तो बनवलाय, कॉम्प्रेसरच्या पाईपातून येणारी हवा त्याला झेपेलच असं नाही. आणि टायरचा व्हॉल्व्ह बसवायला डब्याच्या भिंतीला भोक पाडणं तर विसराच, भोकाच्या कडेपासून तडा सुरू होतो. काही कंपन्या टायर व्हॉल्व्ह बसवूनच डबा देतात, कॉम्प्रेसर वापरायचा विचार आधीपासून असेल तर तोच घ्या.

निम्मी हवा ठेवा म्हणालो त्याची दुसरी बाजूही सांगायला हवी. पाणी दाबलं जात नाही म्हणून त्यात ताकद साठत नाही, हवेत साठते. जेवढी हवा जास्त तेवढा फुटला तर दणका मोठा. म्हणून नवीन डबा वापरायच्या आधी काठोकाठ पाण्याने भरून, हवा जवळपास शून्य ठेवून, सेफ्टी व्हॉल्व्ह उडेपर्यंत पंप मारून बघा, व्हॉल्व्ह वेळेवर उडतो का, शिवण कुठे झिरपते का. फुटला तरी फरशी ओली होईल, बाकी काही नाही. उन्हात पडून पांढरट पडलेला जुना डबा या कामाला घेऊच नका, ऊन लागून पॉलिथिलीन ठिसूळ होतं. काम झालं की रिंग ओढून दाब सोडायचा, रात्रभर दाबात ठेवायचा नाही.

कूलंटचं बोलू. साधं पाण्यात मिसळायचं सोल्युबल ऑइल वापरतोय, ५ ते ८ टक्के. आधी पाणी, मग त्यात तेल, ढवळत ढवळत, उलटं केलं तर दह्यासारख्या गुठळ्या होतात आणि त्या नोझलमधे जाऊन बसतात. मिश्रण बादलीतच करा, डब्यात नाही. ३ टक्क्यांच्या खाली गेलात तर जॉबला (कापायच्या तुकड्याला) आणि मशीनच्या बेडला गंज धरायला लागतो. बरोबर मोजायचं असेल तर छोटा रिफ्रॅक्टोमीटर (थेंबावरून मिश्रण किती दाट ते दाखवणारं यंत्र) घ्या, फक्त त्यावरचा आकडा म्हणजे थेट टक्के नव्हेत, तेलाच्या डब्यावर दिलेल्या फॅक्टरने गुणावं लागतं. पाणी जड असेल तर वर साबणासारखा चिकट थर येतो, त्यामुळे शक्य असेल तर मऊ पाणी वापरा.

रबर हा या डब्याचा दुसरा कच्चा दुवा. फवारणी पंपात ईपीडीएम नावाच्या रबराचे ओ रिंग असू शकतात, पाण्याला आणि बऱ्याच रसायनांना ते झकास, पण खनिज तेल लागलं की फुगतात. पातळ सोल्युबल ऑइलनेही ते हळूहळू होतं, आधी पंपाचा दांडा जड चालायला लागतो, मग झाकणाचा ओ रिंग खाचेत बसत नाही. त्याच मापाचे नायट्राइलचे ओ रिंग बदलून टाका, काम दहा मिनिटांचं आहे. पंपाच्या तळाला एक छोटी रबरी टोपी असते, तीच नॉन रिटर्न व्हॉल्व्ह, ती फुगली की कूलंट उलटं पंपात चढतं आणि दांडा खाली दाबताना वरून हातावर येतं. ती टोपीही बदलता आली तर उत्तम. माझ्या डब्यासोबत एक ओ रिंगचा सेट जास्तीचा आला होता, पण तो त्याच रबराचा, त्यामुळे उपयोग शून्य.

एका बाबतीत हा डबा संपवाल्या मशीनपेक्षा सरस आहे. इथे कूलंट एकदाच जातं, परत येत नाही, त्यामुळे स्लाइडचं ऑइल त्यात मिसळून वर तरंगत नाही आणि त्या थराखाली हवा न मिळालेले जंतू वाढून जो सडक्या अंड्यासारखा वास येतो तो सहज येत नाही. पण डबा महिनाभर भरून बंद ठेवला तर येईल. लागेल तेवढंच बनवा, उरलं तर डब्यातून काढून ठेवा, डबा धुऊन उपडा करा. खाली जे जमा होतं ते ट्रेमधे धरून गाळून वेगळं ठेवायचं, मोरीत किंवा झाडांना ओतायचं नाही, त्यात तेल पण आहे आणि धातू पण.

ॲल्युमिनियमसाठी रॉकेल किंवा स्पिरिट भारी चालतं हे खरंय, पण ते ब्रशने दोन थेंब लावणं वेगळं आणि या डब्यातून मारणं वेगळं. दाबाने फवारलं की हवेत बारीक तुषार होतात आणि जिथे कार्बन ब्रशची मोटर ठिणग्या पाडतेय तिथे ते तुषार म्हणजे आगीला आमंत्रण. या डब्यात ज्वलनशील काही भरू नका, कितीही कोणी सांगितलं तरी. साध्या कूलंटचे तुषारही फुफ्फुसाला बरे नव्हेत, अमेरिकेच्या नायोश या कामगारांच्या आरोग्यावर काम करणाऱ्या सरकारी संस्थेने १९९८ मधे हवेत घनमीटरला ०.५ मिलिग्रॅमपेक्षा जास्त असू नये अशी शिफारस केलीये आणि ते फारच थोडं आहे. म्हणून धार धारच हवी, फवारा नको, आणि फिरत्या चकवर थेट मारायची नाही, टूलच्या टोकावर मारायची. एक ॲक्रिलिकचा पत्रा पुढे उभा करा, चष्मा लावा.

याला पर्याय काय आहेत. बियर सोडा भरायचा १९ लिटरचा स्टीलचा केग, त्याला कॉर्नी केग म्हणतात, ९ बारपर्यंत चालतो, त्यात तळापर्यंत नळी आणि सेफ्टी व्हॉल्व्ह आधीच असतो, कॉम्प्रेसर रेग्युलेटर असलेल्यांनी सरळ तो घ्यावा, या डब्याच्या नादी लागूच नये. रंगाचा प्रेशर पॉट पण चालतो, बहुतेकांना रेग्युलेटर गेज सगळं बसवलेलंच येतं, फक्त साध्या स्टीलचा असेल तर आत गंज चढेल. पीव्हीसी पाईपला दोन्हीकडे टोप्या चिकटवून टाकी करणारे बरेच दिसतात, पाण्याचा दाब सांगणारा आकडा त्या पाईपवर छापलेला असतो पण तो हवेसाठी नाही, पीव्हीसी फुटतं ते काचेसारखं तुकडे उडवत. आणि जुना गॅस सिलिंडर कापून टाकी करायची आयडिया कोणी दिली तर त्याला चहा पाजा आणि घरी पाठवा.

ज्याच्याकडे कॉम्प्रेसर नाही, मशीन छोटं आहे, काम थांबत थांबत चालतं, त्याने हा डबा डोळे झाकून घ्यावा. ५ लिटरचाही येतो, पण निम्मा भरायचा म्हटल्यावर अडीच लिटरच हातात उरतं, म्हणून ८ चाच बरा. घेताना झाकण काढून आत बघा, नळी तळाला टेकते का, नाहीतर शेवटचं पाव अर्धा लिटर कधीच बाहेर येत नाही. गेज असलेला मिळाला तर तोच घ्या, माझ्याला नाही, मी पाईपमधे टी टाकून ० ते ४ बारचं छोटं गेज बसवलं, ते बॉल व्हॉल्व्हच्या अलीकडे डब्याच्या बाजूला बसवायचं, पलीकडे बसवलं तर व्हॉल्व्ह बंद असताना डब्यात किती दाब आहे ते दिसणार नाही.